पांघरुणाची झाली चित्रं

दिवाळीची आवराआवर निघाली, की माळ्यावरची ट्रंक खाली येते. तिच्या तळाशी आजेसासूबाईंच्या हातचं एखादं जुनं पांघरूण निघतं. मधे विरलेलं, कडेला कसर लागलेलं. टाकून द्यायला मन होत नाही आणि ठेवायला कपाटात जागा नसते. नेमकी तेव्हाच दारात बोहारीण हाक मारते आणि स्टीलच्या एका डब्यावर सौदा पटतो. मैत्रिणींनो, आपल्यापैकी बहुतेकींनी हे कधी ना कधी केलेलं आहे, तेव्हा कुणी कुणाला नावं ठेवायला नकोत. पण आज तुम्हांला अशाच एका फडक्याची गोष्ट सांगायची आहे. ती घडली आपल्यापासून फार लांब, युरोपच्या उत्तर टोकाला, नॉर्वे देशात.

१८७९ साली तिथल्या बाल्डिसहोल नावाच्या ठिकाणचं जुनं लाकडी चर्च पाडलं. सामानसुमानात मातीनं माखलेलं एक लोकरीचं फडकं निघालं. चर्चमधल्या सेवकाच्या पायांना गारठा लागू नये म्हणून कैक वर्षं ते त्याच्या बसायच्या जागी लावलेलं होतं. ते धुतलं, तेव्हा मातीखालून काय निघावं? घोड्यावर बसलेला एक सरदार, पाखरांनी भरलेलं झाड आणि शेजारी लांब झग्यातला दाढीवाला पुरुष! एप्रिल आणि मे या दोन महिन्यांची ती चित्रं होती, आणि ती रंगवलेली नव्हती, की भरलेलीही नव्हती. मागावरच विणलेली होती. सुमारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचं हे विणकाम आज ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात काचेआड मानानं बसलं आहे. ते धुतलं गेलं नसतं तर?

या देशात घरगुती पांघरुणं विणता विणता बायकांनी एक नवी कला उभी केली. जग तिला आता टॅपेस्ट्री म्हणून ओळखतं. तिची वाट मोठी वळणावळणाची आहे. त्या वाटेवर एक प्रश्न पुन्हा पुन्हा आडवा येतो: चित्र कुणाचं आणि हात कुणाचे?

आधी पैठणीचा पदर आठवा

टॅपेस्ट्री म्हणजे काय, हे समजायला आपल्याला परदेशी जायला नको. पैठणीचा पदर डोळ्यांसमोर आणा. साध्या कापडात ताणा म्हणजे उभे धागे आणि बाणा म्हणजे आडवे धागे. बाण्याचा धोटा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ धावतो. पैठणीच्या पदरावर मात्र तसं नसतं. मोराच्या गळ्याचा निळा धागा गळ्यापुरताच जातो आणि परत फिरतो. पानाचा हिरवा पानापुरता. प्रत्येक रंगाची वेगळी लहानशी कांडी असते, आणि दोन रंग जिथे भेटतात तिथे विणकर ते एकमेकांत अडकवतो. म्हणून तर खरी पैठणी ओळखायला जाणत्या बायका पदर उलटा करून बघतात. मागून-पुढून मोर सारखाच दिसला पाहिजे.

टॅपेस्ट्रीची रीत तीच. फरक इतकाच, की आपल्याकडे रेशीम आणि जर, तर तिथे मेंढीची लोकर. बाण्याची जाड लोकर इतकी घट्ट ठोकून बसवतात, की ताणा पार झाकला जातो. चित्र आणि कापड एकाच वेळी तयार होतं. चित्र काढून टाकू म्हटलं, तर कापडच उरणार नाही.

बाळंतपणापासून तिरडीपर्यंत

नॉर्वेत हे विणकाम किती जुनं असावं? १९०४ साली ओसेबर्ग गावी एका मातीच्या उंचवट्याखाली आख्खं जहाज सापडलं. इसवी सन ८३४ च्या सुमारास ते पुरलेलं होतं आणि त्यात दोन स्त्रियांचे अवशेष होते. त्यांच्याबरोबर काय काय ठेवलं होतं? गाडी, घसरगाड्या, भांडीकुंडी आणि विणकामाची साधनं. शिवाय चित्रविणीच्या अरुंद पट्ट्यांचे तुकडे, त्यांवर घोडे, गाड्या आणि माणसांची मिरवणूक. परलोकीच्या प्रवासालाही माग बरोबर हवाच!

पुढे खेड्यापाड्यांतून घरोघरी विणलं जाऊ लागलं ते ‘ओक्ले’. ओक्ले म्हणजे लोकरीचं जाड, रंगीत पांघरूण. सहा-सहा महिने थंडी, बाहेर बर्फ, गोठ्यात मेंढ्या. मग हिवाळ्यात बाईमाणसानं दुसरं करायचं काय? रोज अंगावर ओक्ले, सणाला भिंतीवर ओक्ले. मूल बाप्तिस्म्याला न्यायचं ते ओक्ल्यात गुंडाळून, आणि घरातलं माणूस गेलं, की शवपेटीवरही ओक्लेच घालायचं. काहींवर आद्याक्षरं आणि साल विणलेलं सापडतं.

गुडब्रान्सडाल नावाच्या खोऱ्यात सतराव्या-अठराव्या शतकात बायका बायबलमधल्या गोष्टीही विणत. सगळ्यांत आवडती गोष्ट दहा करवल्यांची. पाचजणी शहाण्या, त्यांनी दिव्यात तेल भरून ठेवलं. पाचजणी वेंधळ्या, वेळेला त्यांचे दिवे विझले आणि लग्नाच्या घराचं दार बंद झालं. संसाराला लागणाऱ्या मुलीच्या पांघरुणावर ही गोष्ट! सासरी जाणाऱ्या लेकीला आईनं केलेला उपदेशच म्हणा ना.

हे नमुने कागदावर नसायचे. एकीचं बघून दुसरी विणायची, तिचं बघून तिसरी. आपल्या रांगोळ्या किंवा लोणच्याची प्रमाणं जशी हातातून हातात जातात, तसंच. चार पिढ्यांनंतर मूळच्या अक्षरांची नक्षी व्हायची, झग्यांचे त्रिकोण व्हायचे. पण एक गोष्ट पक्की होती. चित्र मनात जिच्या, हातही तिचेच.

मग गिरण्यांचं कापड आलं. स्वस्त, हलकं आणि विकत मिळणारं. एकोणिसाव्या शतकात माग अडगळीत गेले आणि ओक्ले घसरगाडीतलं पांघरूण झालं, नाही तर गोठ्यातलं पोतेरं.

पेढी बुडाली आणि माग सापडला

स्टाव्हांगर हे नॉर्वेच्या किनाऱ्यावरचं व्यापारी शहर. तिथे १८५५ साली जन्मलेली फ्रिडा ही एका सुखवस्तू घरातली मुलगी. लहानपणी चित्रकलेचे धडे घेतलेले, चित्रकार व्हायचं मनात. पण अठराव्या वर्षी एका श्रीमंत व्यापाऱ्याशी लग्न झालं आणि ती फ्रिडा हान्सेन झाली. मोठं घर, मोठी बाग. चित्रकलेचं राहूनच गेलं. हे राहून जाणं आपल्याला काही नवीन नाही!

१८८० नंतर स्टाव्हांगरच्या व्यापारात मोठी पडझड झाली. पेढ्या बुडाल्या, त्यात हान्सेन कुटुंबाचंही सगळं गेलं. घर चालवायचं फ्रिडावर आलं. हातात काय होतं? शिवणटिपण आणि भरतकाम. तिनं भरतकामाचं दुकान काढलं. एक दिवस त्या दुकानात कुणीतरी एक जुनं विणलेलं ओक्ले दुरुस्तीला आणलं. भोकं बुजवता बुजवता तिच्या लक्षात आलं, की हे आपल्याला नुसतं रफू करायचं नाही, हे शिकायचं आहे.

१८८९ साली ती लार्डाल खोऱ्यात गेली आणि शेर्स्टिना हाउग्लुम नावाच्या बाईंकडे जुना उभा माग शिकली. वय तेव्हा चौतीस. झाडपाल्याचे रंग कसे काढायचे, तेही तिनं जुन्या जाणत्यांकडून गोळा केलं. पुढच्याच वर्षी स्वतःची विणशाळा काढली. १८९२ मध्ये बिऱ्हाड राजधानीत हलवलं. आजचं ऑस्लो तेव्हा क्रिस्तियानिया म्हणून ओळखलं जाई.

फ्रिडानं जुनी रीत घेतली, पण जुनी चित्रं नुसती गिरवली नाहीत. एक नवी युक्ती काढली आणि १८९७ साली तिचं पेटंटही घेतलं. चित्रातला काही भाग विणायचा आणि काही ठिकाणी ताणा तसाच उघडा ठेवायचा. मग त्या पडद्यातून उजेड झिरपतो आणि विणलेली फुलं हवेत तरंगताहेत असं वाटतं. असे दारावरचे पडदे तिनं कितीतरी केले. १८९८ साली तिनं ‘आकाशगंगा’ विणली. गडद निळ्या आकाशातून तरुणींची रांग चालली आहे आणि त्यांच्या हातांत ताऱ्यांनी भरलेलं लांबच लांब वस्त्र आहे. सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद असलेलं हे काम जर्मनीतल्या हाम्बुर्ग शहराच्या संग्रहालयानं घेतलं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात फ्रिडाला सुवर्णपदक मिळालं. वीस वर्षांपूर्वी दिवाळं निघालेल्या घरची ती बाई!

नाव कुणाचं होतं?

त्याच काळात गेरहार्ड मुंटे नावाचे एक नामांकित चित्रकार परीकथांची, लोककथांची चित्रं काढत. ठसठशीत रेघा आणि सपाट रंग. ती मागावर इतकी शोभून दिसत, की ठिकठिकाणच्या विणशाळा ती विणू लागल्या. मुंटे स्वतः मागावर बसत नसत. ते कागदावर चित्र काढत आणि मुली त्याबरहुकूम विणत. लोक म्हणत, “मुंटे यांची टॅपेस्ट्री पाहिली का?” महिनोन् महिने माग ठोकणारीचं नाव कुणी विचारत नसे. फ्रिडाचं एवढं वेगळं, की चित्रही तिचंच होतं. पण मोठ्या कामांसाठी तिच्या विणशाळेतही इतर मुली मागावर बसत, आणि नाव फ्रिडाचं होई. हेही सांगायला हवं.

चित्र एकाचं आणि हात दुसरीचे, ही वाटणी तेव्हापासून रुळली. मुंटे यांचं नाव राहिलं, फ्रिडाचं मात्र पुसट होत गेलं. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला. सगळ्यांना अस्सल ‘आपलं’ हवं होतं, आणि फ्रिडाची वळणदार फुलं टीकाकारांना परक्या वळणाची वाटली. १९३१ साली ती वारली, तोवर फॅशन बदलून गेली होती. १९७३ साली ऑस्लोत तिच्या कामाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा तिच्याच देशाला ती नव्यानं कळली.

बटाट्याच्या शेतातून जगाकडे

आता दुसरी बाई. हान्ना १८९४ साली स्वीडनमधल्या माल्मो शहरात जन्मली. पेशानं शिक्षिका, आणि चित्रकलेचं शिक्षण घेतलेली. १९२२ साली जर्मनीत तिला हान्स रिग्गेन नावाचा नॉर्वेजियन चित्रकार भेटला. पुढच्या वर्षी लग्न झालं आणि १९२४ मध्ये दोघं त्याच्या गावी, ओर्लांडला राहायला गेली. समुद्राकाठी उघड्या वाऱ्यावरचं लहानसं शेत. वीज नाही, नळ नाही. गुरं, मेंढ्या, बटाटे आणि पदरात तान्ही मुलगी.

हान्नानं तिथे रंगाचा कुंचला खाली ठेवला आणि माग धरला. माग नवऱ्यानं लाकडं तासून करून दिला. लोकर घरच्या मेंढ्यांची, सूत स्वतः कातलेलं. रंग आजूबाजूच्या रानातले, म्हणजे बर्चची पानं, झाडांच्या साली, दगडांवरचं दगडफूल. निळ्या रंगाचं गुपित तर ऐकण्यासारखं आहे. नीळ आंबवायला ती मानवी मूत्र वापरी. खेड्यातली ही फार जुनी रीत आहे. घरी आलेल्या पाहुण्यांनाही ती त्या मडक्यात भर घालायची विनंती करी! नाक मुरडू नका. तो निळा रंग आजही संग्रहालयांतून पाहणाऱ्याला थबकायला लावतो.

आणि ती काय विणत होती? तिनं १९३३ साली कर्जाच्या समुद्रात सापडलेला कोळी विणला. मंदीचे दिवस होते, शेजारपाजारची घरंच्या घरं देण्यात बुडालेली. १९३५ साली इटलीच्या मुसोलिनीनं इथिओपियावर स्वारी केली. ही बातमी वाचून हान्ना मागावर बसली आणि तिनं ‘इथिओपिया’ विणलं. त्यात एका योद्ध्याच्या भाल्यावर मुसोलिनीचं डोकं आहे! १९३७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्वेच्या दालनात हे काम टांगलं, तेव्हा तो नेमका भाग झाकून ठेवण्यात आला. लोकरीच्या एका विणकामाची सरकारी मंडळींना भीती वाटावी!

१९३८ साली बर्लिनमध्ये लिझेलोट हेरमान नावाच्या तरुण बाईचा नाझी सरकारनं शिरच्छेद केला. तिचा मुलगा अवघा चार वर्षांचा होता. हान्नानं तिच्यावरही एक टॅपेस्ट्री विणली. पुढे जर्मनांनी नॉर्वेच व्यापला. १९४२ च्या ऑक्टोबरात जवळच्या ट्रोनहाइम भागातल्या दहा नागरिकांना गोळ्या घालण्यात आल्या. हान्नानं ते १९४३ मध्ये विणलं, म्हणजे शत्रू दाराशी असताना. सापडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा. १९४४ साली हान्सला पकडून ग्रिनीच्या छळछावणीत नेलं. युद्ध संपल्यावर ‘ग्रिनी’ हेही तिच्या एका टॅपेस्ट्रीचं नाव झालं. १९४७ मध्ये तिनं आई आणि मुलगी यांच्यावर ‘आईचं काळीज’ विणलं. म्हातारपणी, १९६६ साली, व्हिएतनामच्या युद्धावरही.

तिच्या कामाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ती आधी कागदावर चित्र काढत नसे. मनात धरलेलं सरळ मागावर. मागावर विणलेला भाग गुंडाळला जातो, समोर दिसतो तो वीतभर पट्टा. म्हणजे पुरं चित्र दिसायचं ते मागावरून उतरवल्यावरच. चुकलं तर खोडरबर नाही. अंदाज, हिंमत आणि सवयीचा हात एवढ्यावर ती विणत गेली.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. ओक्ले विणणारी खेड्यातली बाई हेच तर करत होती! मधल्या काळात चित्रकार एक आणि विणणारी दुसरी अशी वाटणी झाली होती, ती हान्नानं मोडली. मात्र शहाण्या आणि वेंधळ्या करवल्यांच्या जागी तिनं आपल्या काळातली माणसं बसवली. लोककलेतून आधुनिक कला निघाली म्हणतात, ती अशी निघाली.

१९६४ साली व्हेनिसच्या जगप्रसिद्ध कलाप्रदर्शनात नॉर्वेतर्फे हान्ना रिग्गेनची टॅपेस्ट्री मांडली गेली. १९७० मध्ये ती वारली. तिची बरीचशी कामं आज ट्रोनहाइमच्या संग्रहालयात आहेत. तिच्यामागून सिन्नव्हे आंकेर ऑर्डाल हिनं लोकरीबरोबर धातूच्या तारा आणि नायलॉनही मागावर आणलं आणि १९८२ साली तीही व्हेनिसला गेली. विणकाम ‘घरकामाच्या’ दालनातून ‘कलेच्या’ दालनात गेलं ते गेलंच.

एक हकीकत राहिली. १९५८ साली हान्नानं ‘आपण एका ताऱ्यावर राहतो’ ही भलीमोठी टॅपेस्ट्री ऑस्लोच्या सरकारी इमारतीसाठी विणली. मधे निळा गोल, त्यात एकमेकांना धरून असलेले स्त्री-पुरुष. २०११ च्या २२ जुलैला त्या इमारतीबाहेर एका अतिरेक्यानं बॉम्ब उडवला. टॅपेस्ट्री खालच्या बाजूला फाटली. जाणकारांनी ती पुन्हा सांधली, पण सांधल्याची खूण आजही दिसते. रफूची जागा किती बोलते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

ट्रंक उघडाल तेव्हा

आपण काही उद्या माग घेऊन बसणार नाही. डबे, शाळा, पाहुणे यांतून तेवढी सवड कुठली? पण फ्रिडाच्या दुकानात आलेलं ते फाटकं पांघरूण कुणीतरी जपून ठेवलं होतं, म्हणून तिला माग सापडला. एवढं तर आपल्यालाही जमेल.

तेव्हा ट्रंकेतलं जुनं विणकाम किंवा भरतकाम बोहारणीला देण्यापूर्वी एकदा उलटून पाहा. हातचं काम मागच्या बाजूनं लवकर ओळखू येतं. ठेवायचं ठरलं, तर यंत्रात धुऊ नका. ओल्या पांढऱ्या फडक्यानं एक कोपरा टिपून रंग जातो का ते आधी बघा. कडक उन्हात वाळत घालू नका, सावलीत आडवं पसरा. घड्या घालून ठेवलं, की घडीवरच चिरतं, म्हणून धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात घेऊन जाड नळीवर गुंडाळा. जरीची पैठणी असेल, तर घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका, लहानशा पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा.

आणि शेवटचं काम सगळ्यांत सोपं आहे. सुती नाडीच्या तुकड्यावर न जाणाऱ्या शाईनं लिहा: कुणी केलं, कुठं केलं, साधारण कोणत्या साली. नाडी वाळली, की चार टाके घालून कडेला शिवून टाका. सासूबाईंना, आईला आजच विचारा, कारण हे त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. बाल्डिसहोलच्या त्या विणकामाला आज पहारेकरी आहेत, खास दिवे आहेत. ते विणणारीचं नाव मात्र कुणालाच माहीत नाही.